कापलेला भाग दाखवा: गूढ कार्यक्रम करणाऱ्यांना एका लाइनमनचे खुले पत्र

मराठीतून भुताखेतांवर, अज्ञात घटनांवर आणि 'विश्वाच्या रहस्यां'वर कार्यक्रम करणाऱ्या सर्व वाहिनीचालकांना, निवेदकांना आणि संकलकांना,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला निवृत्त लाइनमन. आधी वीज मंडळ आणि नंतर महावितरण धरून ३४ वर्षं खांबावर काढली. पत्र लिहिण्याचं कारण असं, की गेल्या दिवाळीनंतर तुमच्यापैकी एका वाहिनीची दोन मुलं कॅमेरा घेऊन माझ्या ओटीवर आली होती. मुलं चांगल्या घरची होती. चपला बाहेर काढून आत आली, जेवताना सोलकढी मागून मागून प्यायली. मी त्यांच्याशी दीड तास बोललो. तुम्ही त्यातली अकरा मिनिटं दाखवलीत आणि वर नाव दिलंत, 'आग्या वेताळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस'. वाहिनीचं नाव इथे घेत नाही, कारण त्यांच्याच पद्धतीने आज बहुतेक सगळे काम करतात. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी मी काय पाहिलं ते सांगतो.

१९९६ सालचा मे महिना होता. फोंडाघाटाच्या पायथ्याला वळवाने संध्याकाळपासून झोडपलं होतं. ११ केव्हीचा, म्हणजे ११ हजार व्होल्टचा, फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाइन आपोआप बंद पडली, म्हणून मी आणि माझा हेल्पर लाइन चालत तपासायला निघालो. पाऊस थांबला होता, गडगडाट डोंगरापलीकडे गेल्यासारखा वाटत होता, आणि तेवढ्यात समोरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक वीज पडली. डोळे दिपले. परत दिसायला लागलं तेव्हा गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, शहाळ्याएवढा एक गोळा होता. पेट्रोमॅक्सच्या मेंटलसारखा पिवळट नारिंगी. त्याला नीट अशी कडा नव्हती. आवाज नव्हता. माणूस सावकाश चालतो तेवढ्या वेगाने तो गडग्याला धरून सरकत गेला आणि गडगा जिथे पडलेला होता तिथे पोचल्यावर फट् करून विझला. स्विचमध्ये स्पार्क झाल्यावर येतो तसा वास आला. सगळं मिळून किती वेळ, तर मी हेल्परला "तां काय रे?" विचारलं आणि त्याने माझा दंड घट्ट धरला, तेवढा वेळ.

"आग्यो वेताळ तो," तो म्हणाला. "गप रव. नाव घेव नको."

सकाळी तो तिथे नारळ ठेवायला गेला, मीही बरोबर गेलो. जमीन बघितली. जळल्याची खूण नाही, गवत जागच्या जागी. उपकेंद्रातल्या लॉगबुकात वेळ, फीडरचं नाव आणि ट्रिप होण्याचं कारण एवढेच रकाने असतात. 'वीज पडली' असं लिहून मी सही केली. जे पाहिलं त्याला रकाना नव्हता.

हेल्पर आता हयात नाही. त्याच्या नारळाला मी तेव्हा हसलो नाही आणि आजही हसत नाही. त्याच्याजवळ त्या गोष्टीला एक नाव होतं, माझ्याजवळ तेही नव्हतं. पण मला स्वस्थ बसवलं नाही. पुढची वीस-बावीस वर्षं मी हे ज्याला त्याला विचारत राहिलो: इंजिनियर साहेबांना, पोराच्या शाळेतल्या मास्तरांना, अखेर कणकवलीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना. त्यांनी मला बसवून सांगितलं, की याला इंग्रजीत बॉल लायटनिंग म्हणतात, गोल वीज म्हणू. शेकडो वर्षांपासून माणसं ती पाहत आली आहेत आणि अजून तिचा पक्का उलगडा झालेला नाही.

मग त्यांनी चीनमधली गोष्ट सांगितली. तुमच्या मुलांना मी ही गोष्ट वीस मिनिटं सांगितली होती, तिचा एक शब्द तुम्ही ठेवला नाहीत.

जुलै २०१२ मध्ये चीनच्या छिंगहाई पठारावर काही संशोधक साध्या विजांचा अभ्यास करत होते. प्रकाशाचे रंग वेगळे करून नोंदवणारे कॅमेरे त्यांनी लावून ठेवले होते. एक वीज जमिनीवर पडली आणि पडल्या जागेतून एक चमकता गोळा उठला. दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ तो टिकला आणि कॅमेऱ्यांत सापडला. कुणी त्याची वाट पाहत नव्हतं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या प्रकाशात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम यांच्या खुणा मिळाल्या, म्हणजे मातीच्या. न्यूझीलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी २००० सालीच मांडलं होतं, की वीज पडल्यावर मातीतल्या सिलिकॉनची वाफ होते आणि ती हवेत सावकाश जळत असताना असा गोळा दिसत असावा. चीनमधली नोंद त्या कल्पनेला जुळते. आणखी एक गोष्ट ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. तो गोळा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत होता, आणि त्या संशोधकांना वाटलं की जवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीचा तो परिणाम असेल. आपल्या तारांतला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, तेव्हा त्याचा जोर १०० वेळा वरखाली होतो. मी त्या रात्री ११ केव्हीच्या लाइनखाली उभा होतो. आमची माती जांभ्याची, लोहाने तांबडी झालेली.

माझा गोळा आणि तो गोळा एकच होता का, हे मी छातीठोक सांगणार नाही. एका नोंदीवरून शास्त्रज्ञही सांगत नाहीत. हेसुद्धा मी कॅमेऱ्यासमोर बोललो होतो. 'मला अजून ठाऊक नाही' हे माझं शेवटचं वाक्य होतं. कार्यक्रमात माझं शेवटचं वाक्य ऐकू येतं ते "आग्यो वेताळ तो", आणि ते वाक्य माझं नव्हतंच, मी हेल्परचे शब्द सांगत होतो. त्यावर तुम्ही ढोल वाजवलात आणि दृश्य काळं केलंत.

मला वाईट वाटलं ते इथे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मी तुमच्या हाती दिली. ती जिथे खरी रंगात येते, जिथे कोकणातला गडगा आणि चीनचं पठार एका प्रश्नाने जोडले जातात, तिथेच तुम्ही कात्री लावलीत.

मुलाखत झाली त्याच रात्री ती मुलं आमच्या वाडीतल्या एका बंद घरात चित्रीकरण करायला गेली. घराचे मालक मुंबईला. वाट दाखवायला मी बरोबर होतो. त्यांच्याकडे हातात मावेल एवढं एक यंत्र होतं, पाच छोटे दिवे असलेलं. के-टू मीटर म्हणतात त्याला. भूत शोधण्याचं यंत्र म्हणून आता ते विकलं जातं. मुळात ते विजेच्या तारांभोवतीचं आणि उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दाखवण्यासाठी आहे. मोबाइल जवळ आणला तरी त्याचे दिवे लागतात. माजघराच्या भिंतीपाशी यंत्र नेलं आणि हिरव्यापासून लालपर्यंत सगळे दिवे पेटले. निवेदक कुजबुजला, "इथे कुणीतरी आहे." पाच-सात मिनिटांनी दिवे विझले. "गेलं," तो म्हणाला.

त्या भिंतीतून जी वायर गेली आहे ती मी स्वतः ओढलेली आहे. ती पुढे मागच्या विहिरीवरच्या पंपाला जाते. मालकांनी त्या पंपाचा वापर शेजाऱ्यांना दिलेला आहे, आणि शेजारी रात्री उशिरा पाणी भरतात, कारण तेव्हा व्होल्टेज बरं असतं. पंप सुरू झाला, तारेतून प्रवाह वाहिला, दिवे लागले. टाकी भरली, दिवे गेले. मी हे जागच्या जागी सांगितलं, पंपाचा आवाजही ऐकवला. मुलांनी मान डोलावली. कार्यक्रमात त्या आवाजावर संगीत चढवलेलं आहे.

पुढचं ऐका. तो भाग लाखाच्या वर लोकांनी पाहिला. तेव्हापासून अमावास्या आली की मोटारसायकलींवरून पोरं येतात. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या काकी एकट्या राहतात. मार्गशीर्षात त्यांच्या पडवीची सात कौलं फुटली, कारण अंधारात पोरांनी घर चुकून दगड मारले. रात्रीचं पाणी भरणं त्यांनी बंद केलं आहे. तुमच्या कार्यक्रमामुळे त्या घरात भूत आलं असेल तर ते एवढंच.

अंधाऱ्या घरात माणसाला भीती का वाटते, कुणीतरी मागे उभं आहे असं का वाटतं, याचा शोध घेणारी माणसं जगात आहेत आणि त्यांचे शोध तुमच्या भागांपेक्षा जास्त खिळवून ठेवतात. इंग्लंडमध्ये विक टँडी नावाचा इंजिनियर एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना उगीच धास्ती वाटायची, थंडी वाजायची. एका रात्री त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली, वळून बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं पकडीत लावून ठेवलं होतं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. कुणीही तिथे धूप घातला असता. त्याने पातं खोलीभर फिरवून थरथर कुठे जास्त आणि कुठे कमी ते पाहिलं, आणि माग काढत नव्याने बसवलेल्या पंख्यापर्यंत पोचला. पंखा सेकंदाला १९ च्या आसपास कंपनांचा आवाज काढत होता, जो कानाला ऐकू येत नाही. पंख्याची बैठक बदलली, आणि धास्ती गेली. १९९८ साली त्याने हे छापलं.

तुम्ही म्हणाल, झालं, उलगडा झाला. नाही झाला. लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी नंतर एक रिकामी खोली मुद्दाम उभारली. तिच्यात कधी असा न ऐकू येणारा आवाज सोडला, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही, आणि ७९ माणसांना एकेकटं आत फिरायला लावलं. पुष्कळांना विचित्र अनुभव आले. पण आवाज किंवा क्षेत्र चालू होतं की बंद, याच्याशी त्यांचा मेळ बसला नाही. 'इथे काहीतरी वेगळं जाणवू शकतं' असं आधी सांगितलेलं होतं, तेवढं सांगणंच पुरेसं ठरलं असावं, असा त्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष काढला. म्हणजे भुतावर तोडगा म्हणून जी वैज्ञानिक कल्पना सगळ्यांना आवडली होती तीही तपासून बघितली, आणि ती लंगडी निघाली तसं लिहून टाकलं. मी आयुष्यभर फॉल्ट शोधत आलो, म्हणून मला ही रीत ओळखीची वाटते. आधी इन्सुलेटरवर संशय घ्यायचा, तो तपासायचा, निर्दोष निघाला तर सोडून द्यायचा आणि पुढच्या खांबाकडे चालायला लागायचं.

कधी कधी हे चालणं जिवावरचं असतं. १९२१ साली अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली होती. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज यायला लागले, माणसं दिसायला लागली, रात्री कुणी अंगावर बसल्यासारखं व्हायचं. मुलं निस्तेज झाली, डोकी दुखायची, घरातली झाडंसुद्धा मरायला लागली. शेवटी भट्टी तपासली. ती नादुरुस्त होती आणि तिचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, धुराड्यातून बाहेर जायच्या ऐवजी घरात पसरत होता. दुरुस्ती झाली आणि भुतं गेली. आता विचार करा, त्या घरात कुणी तुमच्यासारखं कॅमेरा घेऊन गेलं असतं आणि 'शापित वाडा' करून निघून आलं असतं तर? आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून आंघोळ करणारी माणसं याच वायूने दगावतात. 'रात्री घरात सावल्या दिसतात, सगळ्यांचं डोकं जड होतं' असं पत्र तुमच्याकडे आलं तर पहिला प्रश्न गीझरचा आणि खिडकीचा विचारा. अशी पत्रं तुमच्याकडे येतात. तुम्ही ती वाचूनही दाखवता.

चकव्याचंही तसंच. आमच्याकडे प्रत्येक घरात एकजण तरी चकव्यात सापडलेला असतो. रात्रभर चालला आणि पहाटे बघतो तर त्याच आंब्याखाली. लोक खोटं बोलत नाहीत. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहावरून त्यांचा माग ठेवला. ढगाळ दिवशी जंगलात चाललेली माणसं गोल फिरून आपल्याच वाटेला छेदून गेली आणि त्यांना पत्ता नव्हता. सूर्य दिसत होता ते सरळ गेले. डोळे बांधल्यावर तर काहीजण वीस मीटरच्या वर्तुळात फिरत राहिले. दिशा धरायला बाहेरची खूण नसेल तर शरीर स्वतःच्या अंदाजात थोडं थोडं चुकत जातं. माझ्या आजोबांनी सांगितलेला चकवा यामुळे मला अधिक खरा वाटायला लागला. आजोबा बावळट नव्हते, त्यांच्या पायांना रात्री खूण नव्हती. हा भाग तुम्ही करा. एकही माणूस मध्येच उठून जाणार नाही.

आता 'विश्वाच्या रहस्यां'वरच्या कार्यक्रमांकडे येतो, कारण तिथे पैसे जातात आणि तरण्या पोरांचे जातात.

माझा भाचा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झाला. मध्यंतरी तो फोनवर मला म्हणाला, "मामा, हे सगळं सिम्युलेशन आहे. आपण एका कॉम्प्युटरमध्ये आहोत. भुतं म्हणजे ग्लिच." मी त्याला कुठे ऐकलंस विचारलं. एका मराठी पॉडकास्टवर पाहुणा आला होता. त्याने दोन तास हे सांगितलं, आपल्या संतांनी मायेबद्दल हेच सांगून ठेवलंय म्हणाला, आणि शेवटी, जग कोड असेल तर मनाची फ्रिक्वेन्सी वाढवून कोड बदलता येतो, असं सांगून ३,९९९ रुपयांचा अभ्यासक्रम पुढे केला. भाच्याने मेसच्या पैशांतून तो भरला होता. दीड महिना दुपारी वडापाव खाऊन राहिला, हे मला त्याच्या आईकडून कळलं.

मी कणकवलीच्या त्याच सरांकडे परत गेलो. त्यांनी मूळ निबंधच पुढ्यात ठेवला. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी तो २००३ मध्ये लिहिला. त्यात 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं विधान नाहीच. तीन शक्यता आहेत आणि त्यांपैकी एक तरी खरी असणार, एवढंच ते म्हणतात. एक, आपल्यासारख्या जवळजवळ सगळ्या संस्कृती तेवढं तंत्र हाती येण्याआधीच संपतात. दोन, तंत्र येतं पण आपल्या पूर्वजांचं जग संगणकात उभं करण्यात त्यांना रस उरत नाही. तीन, आपण जवळपास निश्चितच अशा एखाद्या उभ्या केलेल्या जगात आहोत. कुठली खरी, हे ते सांगत नाहीत. २०१६ मध्ये इलॉन मस्क एका मंचावर म्हणाले की आपलं जग मूळ असण्याची शक्यता अब्जावधींत एक आहे. तुमच्या व्हिडिओंच्या प्रत्येक मुखचित्रावर तेवढंच वाक्य असतं, निबंधातल्या पहिल्या दोन शक्यता कुठेच नसतात.

आणि ही कल्पना तपासायचा विचारही झाला आहे. २०१२ मध्ये तीन भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं, की विश्व जर एखाद्या जाळीवर मोजून चालवलेलं असेल तर सर्वांत जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण सगळ्या दिशांनी सारखे येणार नाहीत, जाळीच्या दिशेची खूण त्यांत दिसेल. अशी खूण मिळालेली नाही. न मिळण्याने कल्पना खोटी ठरत नाही, जाळी फार बारीक असू शकते. पण काय दिसलं तर आपलं म्हणणं खरं मानायचं, हे त्यांनी आधी सांगून ठेवलं. तुमच्या पाहुण्याला हा एकच प्रश्न विचारा. काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं मागे घ्याल? दोन तासांत एकदाही निवेदकाने तो विचारला नाही.

फ्रिक्वेन्सी हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे, म्हणून त्याचं असं होताना पाहून फार लागतं. आपल्या तारांतली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ती राहावी म्हणून भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. मागणी वाढून निर्मिती कमी पडली की ती खाली घसरते, फार घसरली तर सगळं जाळं कोसळतं. ती मोजता येते, दोघांनी मोजली तर आकडा एकच येतो. मनाची फ्रिक्वेन्सी कुठल्या मीटरने मोजली, आकडा किती आला, कुणी ताडून पाहिला? पोरगा नापास होऊन आधीच खचलेला. त्याला सांगायचं, तू पास झाला नाहीस कारण तुझी फ्रिक्वेन्सी कमी आहे, आणि ती आमच्याकडे मिळते.

संतांना यात ओढू नका, ही माझी हात जोडून विनंती. आमच्या सप्ताहाला येणारे कीर्तनकार बुवा वयाने माझ्याएवढे. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात सातवं अख्खं प्रकरण अज्ञानाच्या खंडनासाठी दिलंय. जग खोटं, भास, असं म्हणून माउली थांबत नाहीत. हे जग चैतन्याचा विलास आहे, असं ते मांडतात. म्हणजे ज्यांच्या नावावर तुम्ही 'सगळा भास आहे' हे खपवता, त्यांनी त्या मताशीच सातशे वर्षांपूर्वी वाद घातलेला आहे. एवढी थोर गोष्ट मराठीत असताना तिच्यावर एक भाग केला असता तर भाच्याच्या हाती काहीतरी लागलं असतं.

कायद्याचंही थोडं सांगतो, धमकी म्हणून नव्हे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड त्यात आहे. असल्या गोष्टी करणाराच नव्हे, त्यांचा प्रचार-प्रसार करणाराही त्यात येतो. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी गुण सांगून विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. त्यामुळे मध्येच 'या भागाचे प्रायोजक' म्हणून दृष्ट काढणारा खडा किंवा ताईत दाखवताना, 'आम्ही फक्त जाहिरात घेतो' हे उत्तर पुरणार नाही. भूतकथा सांगायला कुणाचीच बंदी नाही, नसावीही. देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा यांच्याशिवाय आमचं बालपणच झालं नसतं. आजी गिऱ्ह्याची गोष्ट सांगायची ती आम्ही भरतीच्या वेळी खाडीवर जाऊ नये म्हणून. गोष्ट संपली की ती कंदील बारीक करायची आणि पोटाशी घेऊन झोपवायची. खडा विकायला काढायची नाही.

तुम्ही म्हणता, प्रेक्षकांना उलगडा नको असतो, कंटाळतात. मला हे पटत नाही. २००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं, पत्रिका बघून सांगा कुठली कुणाची. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा किती भाग निघाले! पण पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून मीठप्रिय सूक्ष्मजीव शोधले, त्यांचा गाळ तळाशी बसल्यावर बाटलीतलं पाणी पुन्हा स्वच्छ झालं, ते दृश्य कुणी दाखवलं? गुलाबी बाटली समोर ठेवा आणि ती नितळ होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. कोण उठून जाईल?

म्हणून मागणं असं आहे. ज्याची मुलाखत घ्याल त्याने उलगड्याचं जे काही सांगितलं असेल ते कापू नका. यंत्राचे दिवे लागले तर मेन स्विच बंद करून तेच यंत्र त्याच भिंतीपाशी पुन्हा न्या आणि तेही दाखवा. जवळचा कुठलाही वायरमन दहा मिनिटांत हे करून देईल, मी फुकट करून देईन. राहत्या वस्तीतल्या घरांचं गाव, वाडी, वाट दाखवू नका, आणि आधी दाखवली असेल तर ते भाग काढून टाका. अभ्यासक्रम विकायला आलेल्या पाहुण्याला पाहुणा म्हणू नका, जाहिरातदार म्हणा. आणि एखादी गोष्ट खरोखर कुणालाच उलगडलेली नसेल, तर तसंच सांगून थांबा. मी १९९६ पासून तसाच थांबलेलो आहे. दरवर्षी वळवाच्या पहिल्या पावसात मी अजून ओटीवर येऊन गडग्याकडे बघत बसतो.

माझ्या मुलाखतीचा उरलेला एक तास एकोणीस मिनिटं त्या वाहिनीच्या संगणकात असेल. तो आहे तसा, संगीत न लावता, लोकांपुढे ठेवा. आणि काकींच्या पडवीची सात कौलं बदलायची आहेत. चैत्रात मी शिडी लावणार आहे. त्या दोन मुलांना पाठवलंत तर बरं होईल. त्या घराची वाट त्यांना माहीत आहे.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग